स्वयंपाकघराच्या भिंतीतील ओल आणि घरचे धान्य

जुन्या घरात मांडणी, फडताळ किंवा कणगी यांच्या मागील भिंत सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. पावसाळा सरल्यावर कणगी हलविली म्हणजे तेथे काळसर बुरशी, फुगलेला गिलावा व पांढरा लोणा आढळून येतो. तोवर भिंतीची ओल धान्यास लागलेली असते. ओलसर धान्यास बुरशी येते व बियाण्याची उगवणशक्ती घटते. भुईमूग व मका यांवरील विशिष्ट बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक विष निर्माण होते. ते शिजविल्याने नाहीसे होत नाही. असे धान्य दुभत्या जनावरास घातल्यास विषाचा अंश दुधातही उतरतो.

भिंतीस ओल तीन मार्गांनी येते. पहिला मार्ग जमिनीचा. जुन्या दगडमातीच्या भिंतीच्या पायात ओल रोखणारा थर बहुधा नसतो. दिव्याची वात तेल ओढते, तशी भिंत सुमारे ३ फुटांपर्यंत पाणी वर ओढते. पाणी सुकते व क्षार मागे राहतात. तोच लोणा. दुसरा मार्ग फुटलेली मोरी, गळका नळ, सरकलेले कौल यांचा. आणि तिसरा, चुलीची वाफ गार भिंतीवर जमण्याचा.

उपायापूर्वी कारण ओळखावे. भिंतीचा एक फूट भाग पुसून कोरडा करावा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवावा व दोन दिवसांनी पाहावा. घरातील बाजूस थेंब दिसल्यास वाफेची ओल समजावी. भिंतीकडील बाजूस दिसल्यास पाणी भिंतीतूनच येत आहे.

अनेकजण ओलीवर सिमेंटचा गिलावा करून निश्चिंत होतात. हा उपाय अपायकारक ठरतो. सिमेंटमुळे मातीच्या भिंतीतील पाणी बाहेर पडू शकत नाही. ते आणखी वर चढते आणि गिलावा भिंतीची माती घेऊन सुटतो. यास्तव प्रथम मोरी व कौले दुरुस्त करावीत. जोत्यालगत साचलेली माती व उकिरडा काढून जमिनीस घरापासून दूर उतार द्यावा. फुगलेला गिलावा खरवडावा, लोणा कोरड्या कुंच्याने झाडावा, आणि भिंत पूर्ण सुकल्यावरच चुन्याचा गिलावा द्यावा. जाड भिंत सुकण्यास कित्येक महिने लागतात. घाई करू नये. वाफेसाठी चुलीवर धुराडे किंवा झरोका ठेवावा.

धान्य मात्र भिंत सुकण्याची वाट पाहू शकत नाही. ते उन्हात वाळवून ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणावा. दाणा दाताखाली कट्‌ आवाज करून फुटला पाहिजे. पोती व कणग्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड ते दोन फूट दूर ठेवाव्यात. बुरशी आलेले धान्य माणसांस वा जनावरांस देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या भेटीत शेतकऱ्यासमवेत कणगीमागील भिंत अवश्य पाहावी. मोरीची दुरुस्ती थोडक्या खर्चात होते. बिघडलेले बियाणे मात्र पेरणीच्या तोंडावर सहज मिळत नाही.