विजेच्या लेखणीचें आयुष्य

लेखणी ही वस्तु आपल्या घरांत सहसा मरत नसे. बोरू झिजला कीं चाकूनें पुन्हां तासावा. टांकाचें निब मोडलें कीं नवें आणून बसवावें. फाउंटन पेन वर्षभर खणांत पडून सुकलें तर कोमट पाण्यानें धुवावें, कीं तें पुन्हां लिहावयास सिद्ध. न वापरल्यामुळें लेखणीचा जीव जातो ही कल्पनाच आपणांस अपरिचित आहे. परंतु टॅब्लेटच्या कांचेवर लिहिणारी जी नवी लेखणी गेल्या दहा वर्षांत अनेक घरांत आली, तिच्या बाबतींत हें अगदीं खरें आहे. ती लिहून लिहून मरत नाहीं. पडून राहिल्यानें मरते. तिची किंमत हजारांत असल्यामुळें हा विषय घरखर्च पाहणाऱ्या प्रत्येकानें समजून घेण्यासारखा आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास आकृत्या काढण्यासाठीं ही लेखणी हवी असते; शिकवणी घेणाऱ्या शिक्षिकेस ती फळ्यावरील खडूच्या जागीं लागते; चित्रकलेची आवड असलेल्या मुलीस ती वाढदिवसाची भेट म्हणून मिळते; आणि एखाद्या घरीं निवृत्त आजोबा पुस्तकाच्या समासांत टिपणें लिहिण्यासाठीं ती नातवाकडून मागून घेतात. विकत घेतांना सर्वांचा दुकानदारास एकच प्रश्न असतो : बॅटरी किती टिकते? हा प्रश्न एक दिसला तरी त्यांत दोन प्रश्न दडलेले आहेत. एकदां भरलेली बॅटरी किती तास चालते, हा पहिला. आणि ती बॅटरी स्वतः किती वर्षें जगते, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर कंपनी देते. दुसऱ्याचें उत्तर बव्हंशीं आपल्याच हातीं असतें.

तार गेली, बॅटरी आली

यंत्राच्या पडद्यावर लेखणीनें लिहिण्याची कल्पना नवी नव्हे. १९६३ सालीं इव्हान सदरलंड यांनीं अमेरिकेंत ‘स्केचपॅड’ नांवाची जी योजना सिद्ध केली, तींत प्रकाश-लेखणीनें पडद्यावर आकृत्या काढतां येत. पुढल्याच वर्षीं रँड या संस्थेनें सपाट पाटीवर लिहावयाची लेखणी तयार केली. या दोन्ही लेखण्या यंत्रास तारेनें बांधलेल्या असत. १९९३ चें ॲपलचें न्यूटन व १९९६ चा पामपायलट यांच्या लेखण्या म्हणजे तर नुसत्या काड्याच. पडदा दाबला गेला कीं काम झालें. २००७ सालीं आयफोन लोकांपुढें मांडतांना स्टीव्ह जॉब्स यांनीं लेखणीची थट्टा केली व बोट हेंच उत्तम साधन ठरविलें. बोटानें चित्र सरकवितां येतें, बटण दाबतां येतें. परंतु भूमितीची आकृति किंवा एखादें जोडाक्षर बोटानें सुबक उमटत नाहीं. म्हणून आठ वर्षांनीं, २०१५ सालीं, त्याच कंपनीनें ‘ॲपल पेन्सिल’ बाजारांत आणली. ती तारेनें बांधलेलीहि नव्हती आणि नुसती काडीहि नव्हती. तिच्या पोटांत सूक्ष्म यंत्ररचना होती, व ती चालविणारी एक चिमुकली बॅटरी होती.

दोन जाती

आजच्या लेखण्यांत मुख्य भेद दोन आहेत. पहिल्या जातीची लेखणी स्वतः बोलते. दुसऱ्या जातीची केवळ पडसाद देते.

ॲपलची लेखणी पहिल्या जातीची. टॅब्लेटच्या कांचेखालीं डोळ्यांस न दिसणारें वीजवाहक रेषांचें जाळें असतें. लेखणीच्या टोंकांतून मंद विद्युत्संकेत निघतात व तें जाळें ते टिपून घेतें. २०१५ च्या आयपॅड प्रोचा पडदा बोटाचा माग सेकंदास १२० वेळां घेई, तर या लेखणीचा २४० वेळां. हात किती दाबला, लेखणी किती कलली, हेंहि त्यास कळतें. म्हणूनच रेघ जाड-बारीक होते. हें सारें बोलणें चालू ठेवावयाचें तर लेखणीस स्वतःची शिदोरी हवी, आणि ती शिदोरी म्हणजे बॅटरी.

दुसरी जात जपानच्या वॅकॉम कंपनीनें रूढ केली. एकाच स्वरांत लावलेल्या दोन तंबोऱ्यांपैकीं एकाची तार छेडली असतां दुसऱ्याची तार आपोआप झणझणते, हें आपण पाहिलेलें आहे. येथेंहि तसाच प्रकार होतो. पडद्याखालील एका निराळ्या थरांतून चुंबकीय लहरी निघतात. लेखणींतील तारेचें वेटोळें त्यांस साद देतें व त्या सादेवरून तिची जागा कळते. लेखणींत बॅटरी मुळींच नसते. सॅमसंगच्या गॅलॅक्सी नोटबरोबर २०११ सालीं आलेली ‘एस पेन’ या जातीची होय. ॲमेझॉनच्या २०२२ च्या किंडल स्क्राइबची लेखणीहि याच जातीची. अर्थात् वीज फुकट मिळते असें नव्हे. ती टॅब्लेटच्या बॅटरींतून जाते, एवढेंच.

या दोहोंमध्यें एक तिसरी सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या सर्फेस पेनांत पूर्वीं घड्याळाच्या सेलासारखा, परंतु बराच बारीक, ‘चार ए’ मापाचा सेल घालीत. तो वर्षभर सहज पुरे व संपला कीं बदलतां येई. मात्र हा सेल कोपऱ्यावरच्या दुकानांत बहुधा मिळत नाहीं. शिवाय लेखणी दीर्घकाळ ठेवून द्यावयाची असेल तर तो काढून ठेवावा, नाहीं तर त्यांतील द्रव पाझरून लेखणी आंतून गंजते.

हिशेब काय सांगतो?

आतां पहिल्या जातीकडे वळूं. कारण खरी काळजी तिचीच. पहिल्या ॲपल पेन्सिलच्या बॅटरींत अवघी ०.३२९ वॉट-तास वीज मावते. त्याच वर्षीच्या मोठ्या आयपॅड प्रोची बॅटरी ३८.५ वॉट-तासांची, म्हणजे जवळजवळ ११७ पट मोठी. तरीहि कंपनीच्या सांगण्याप्रमाणें ही लेखणी एका भरणांत १२ तास लिहिते, आणि घाईच्या वेळीं १५ सेकंद भरली तरी अर्धा तास चालते. वर्ग सुरू होण्यापूर्वीं लेखणी रिकामी आढळली तर गाळण उडण्याचें कारण नाहीं. हजेरी होईपर्यंत ती लिहूं लागते.

आतां वर्षांचा हिशेब करूं. लिथियम-आयन बॅटरी साधारणतः ५०० वेळां पूर्ण भरून रिकामी झाल्यावर तिची धारणशक्ति मूळच्या सुमारें ८० टक्क्यांवर येते. एखादा विद्यार्थी रोज चार तास लिहीत असेल तर १२ तासांचें भरण त्यास तीन दिवस पुरतें. ५०० भरणांस १,५०० दिवस, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यानंतरहि लेखणी साडेनऊ तास चालेल. म्हणजे अभियांत्रिकीचा संपूर्ण अभ्यासक्रम तिच्यावर लिहून काढला तरी ती थकत नाहीं. वापरानें लेखणी झिजते ही भीति व्यर्थ आहे.

मग ती मरते कशानें? परीक्षा संपते, टॅब्लेट कपाटांत जातो, लेखणी खणांत पडते. तिच्यांत उरलेली थोडी वीज हळूहळू आपोआप झिरपत राहते. मोठ्या हौदाची गळती महिनाभर ध्यानांत येत नाहीं. तांब्यास तेवढेंच छिद्र पडलें तर तो सकाळपर्यंत कोरडा होतो. टॅब्लेटचा हौद आणि लेखणीचा तांब्या यांत हाच फरक आहे. पडद्यावर शून्य टक्के दिसले तरी बॅटरींत थोडी वीज राखून ठेवलेली असते. पण तीहि संपून दाब एका मर्यादेखालीं गेला, कीं आंतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळूं लागतो. पुढें भरण करतांना हेंच तांबें भलत्या जागीं सांचून आंतल्या आंत विजेस आडवाट करून देण्याचा संभव असतो. म्हणून अशा बॅटरीस भरणारें यंत्र सुरक्षिततेसाठीं वीज घेण्याचेंच नाकारतें. लेखणी जोडावी तर कांहींच होत नाहीं. बाहेरून ती नव्यासारखी, आंतून निर्जीव. तिची बॅटरी घरीं किंवा गल्लींतील दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेण्याजोगी नसते. २०२३ सालीं यूएसबी-सी जोडाची ॲपल पेन्सिल भारतांत ७,९०० रुपयांस आली, व २०२४ सालीं ‘पेन्सिल प्रो’ ११,९०० रुपयांस. एका सुट्टीच्या आळसाची ही किंमत थोडी नव्हे.

रोजची निगा

उपाय सोपा आहे. लेखणी रोज वापरांत असेल तर विशेष कांहीं करावयास नको. २०१८ पासूनच्या दुसऱ्या पिढीची ॲपल पेन्सिल व तिच्या मागून आलेली प्रो या चुंबकानें टॅब्लेटच्या कडेस चिकटतात व तेथेंच भरतात. त्यांची जागा तीच ठेवावी. नेहमीं पूर्ण भरलेली राहिल्यानें बॅटरी किंचित् लवकर म्हातारी होते हें खरें. परंतु शून्यावर पडून मरण्यापेक्षां तें शतपटीनें बरें. यूएसबी-सीची पेन्सिल मात्र चुंबकानें नुसती चिकटते, भरत नाहीं. तिला तार जोडावीच लागते. हा भेद न कळल्यामुळें पुष्कळांची फसगत होते.

पहिल्या पेन्सिलीचें मागील टोपण काढून तिचें टोंक थेट टॅब्लेटांत खुपसतां येतें. त्या वेळीं ती बाहेर दांड्यासारखी उभी राहते व कोणाचा हात लागला तर जोड मोडण्याचें भय असतें. म्हणून खोक्यांत आलेला लहान जोडतुकडा वापरून ती तारेनें भरावी. तें टोपणहि चिमुकलें असतें. घरांत रांगतें मूल असेल तर तें उघडें ठेवूं नये.

लेखणी दोन-चार महिने लागणार नसेल तर ती पूर्ण भरूं नये व रिकामीहि ठेवूं नये. अर्धी भरून थंड, कोरड्या जागीं ठेवावी आणि दर महिन्यास एकदां पाहावी. उष्णता हा बॅटरीचा दुसरा शत्रु. नागपूर-चंद्रपूरकडे वैशाखांत सावलींतहि पारा ४५ अंशांवर जातो. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत तो त्याहून पुष्कळ वर चढतो. अशा मोटारींत लेखणी विसरूं नये.

टोंक झिजणें हा दोष नव्हे. तें बदलण्यासाठींच केलेलें असतें. कांचेवर कागदाचा स्पर्श देणारा खरखरीत पापुद्रा बसविला असेल तर तें लवकर झिजतें. रेघ खंडित येऊं लागली तर प्रथम टोंक घट्ट पिळून पाहावें. लेखणी बिघडली असें लगेच ठरवूं नये. आणि ती खरोखरच निर्जीव झाली तर केराच्या टोपलींत न टाकतां जुनीं विद्युत्-उपकरणें स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी-कचऱ्याविषयींच्या नियमांचाहि हेतु हाच आहे.

कोणीं कोणती घ्यावी?

ज्यास रोज दोन-चार तास लिहावयाचें अथवा चित्रें काढावयाचीं आहेत, त्यानें बॅटरीची लेखणी खुशाल घ्यावी. तिचें आयुष्य त्याच्या वापरांतच सुरक्षित आहे. ज्यास आठवड्यांतून एकदां टिपण करावयाचें, किंवा सणासुदीस पत्र लिहावयाचें, त्यानें बॅटरीवांचून चालणारी लेखणी असलेलें उपकरण पाहावें. ती वर्षानें उचलली तरी लिहील. कोणतीहि घेतली तरी ती आपल्याच टॅब्लेटवर चालते कीं नाहीं याची आधीं खात्री करून घ्यावी. २०२४ च्या आयपॅड प्रोवर दुसऱ्या पिढीची पेन्सिल चालत नाहीं, ती तेवढी जुनी नसूनहि. जुनी लेखणी विकत घेणाऱ्यानें तिचें रूप न पाहतां ती टॅब्लेटास जोडून भरते कीं नाहीं हें पाहावें व पाव तास तिनें लिहून मगच पैसे द्यावेत.

तात्पर्य, ही लेखणी जपून ठेवण्याची वस्तु नव्हे. आपल्या घरांत मोलाची वस्तु कपाटांत बंद करून ठेवण्याची रीत आहे. शालू, चांदीचीं भांडीं यांस ती शोभते. या लेखणीस ती घातक आहे. मुलाच्या हातीं ती रोज असावी. आणि सुट्टींत तो गांवीं गेलाच, तर दुधाचा हिशेब करण्याच्या दिवशीं घरांतील कोणीं तरी तिला थोडी वीज द्यावी.