पिष्टवर्ज्य मांसाहार : एक गुणदोषविचार

वसई तालुक्यातील पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात एकीकडे वाळवलेले बोंबील, सुकट, जवळा आणि खारवलेली मासळी यांच्या राशी, तर दुसरीकडे आसपासच्या वाड्यांतून आलेली पालेभाजी, केळी, नारळ आणि कंदमुळे मांडलेली असतात. समुद्राने दिलेले एक अन्न आणि विहिरीच्या पाण्यावर पिकवलेले दुसरे, अशा उभय अन्नांवर या भूमीतल्या कोळी, वाडवळ, भंडारी, सामवेदी कुपारी इत्यादी समाजांचा देह पिढ्यानपिढ्या पोसला गेला आहे. अलीकडे मात्र ‘कार्निव्होर डाएट’ या नावाने एक आहारपंथ पाश्चात्त्य देशांतून मोबाइलच्या पडद्यावाटे आपल्यापर्यंत येऊन पोहोचला असून, भात, भाकरी, डाळ, भाजी, फळे आणि साखर या साऱ्यांस रजा देऊन मांस, मासळी, अंडी आणि चरबी एवढ्यांवरच मनुष्याने राहावे, म्हणजे स्थूलता, मधुमेह आणि तत्सम व्याधी आपोआप नाहीशा होतील, असा त्याच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. हा दावा केवळ विक्षिप्त म्हणून झिडकारणे जितके अनुचित, तितकेच तो परीक्षेवाचून मंजूर करणेही अनुचित आहे.

परीक्षेची निकड आपल्या देशाच्या आजच्या प्रकृतीतच आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही असून आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्या व्याधीच्या उंबरठ्यावर आहेत. आणि त्याच पाहणीतून पुढे आलेला तपशील असा की, भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे मुख्यत्वे पांढरा तांदूळ, दळलेले गहू आणि साखर यांतून येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, आपला मनुष्य दिसण्यात कृश असूनही अंतर्यामी मेदस्वी असतो, आणि म्हणून युरोपीय माणसाच्या मानाने कमी वजनावर व कमी वयात त्याला मधुमेह गाठतो. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर नेलेला दोन वेळांच्या भोजनाचा विचार इतका लोकप्रिय झाला की इन्शुलिन हा शब्द गृहिणींच्या बोलण्यात रुळला, याचेही कारण हेच की, पिष्टान्नाचा अतिरेक आपल्याला बाधतो आहे ही जाणीव समाजात आधीच मुरलेली होती. दीक्षितांच्या पद्धतीत भाकरी-भाताला मज्जाव नाही, खाण्याच्या वेळांना आहे. मांसपंथी त्याच्याही पलीकडे, कर्बोदकांच्या संपूर्ण निर्मूलनापर्यंत गेले आहेत.

इतिहासाचा दाखला

हा विचार सर्वस्वी नवा नाही. ब्रिटिश सैन्यातील शल्यचिकित्सक जॉन रोलो यांनी १७९७ साली, इन्शुलिनचा शोध लागण्याच्या सव्वाशे वर्षे आधी, एका मधुमेही कॅप्टनला जवळजवळ केवळ प्राणिज आहारावर ठेवले आणि त्याच्या मूत्रातील शर्करा ओसरल्याचे नमूद केले. १८६३ साली लंडनच्या विल्यम बॅंटिंग या गृहस्थाने पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडून आपली स्थूलता कशी हटवली, याची लहानशी पुस्तिका लिहिली आणि ती हातोहात खपली.

परंतु शुद्ध मांसाहाराची काटेकोर परीक्षा म्हणून ज्या प्रयोगाचा उल्लेख अपरिहार्य आहे, तो १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आरंभला गेला. विल्यालमुर स्टेफान्सन हे ध्रुवप्रदेशाचे संशोधक इनुइट लोकांबरोबर दीर्घकाळ राहून मांस व मासळी यांवरच निभावले होते. त्यांच्या सांगण्यावर डॉक्टरांचा विश्वास बसेना, तेव्हा त्यांनी आणि त्यांचे सहकारी कार्स्टेन अँडरसन यांनी वैद्यकीय देखरेखीखाली वर्षभर केवळ मांस खाण्याचे पत्करले. वर्षाअखेर दोघांनाही ना स्कर्व्ही झाली, ना रक्तदाब वाढला, ना मूत्रपिंडांस इजा झाल्याचे दिसले. मात्र या यशाचा तपशील त्याच्या निष्कर्षाहून अधिक बोधप्रद आहे. त्यांचा आहार म्हणजे नुसते स्नायूंचे मांस नव्हते. यकृत, मूत्रपिंड, मेंदू, अस्थिमज्जा यांचाही त्यात समावेश होता, आणि ऊर्जेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग चरबीतून येत होता. प्रयोगाच्या आरंभी स्टेफान्सन यांना चरबीविरहित मांस देण्यात आले, तेव्हा दोन-तीन दिवसांतच त्यांना मळमळ व अतिसार जडला आणि चरबी पुन्हा सुरू करताच तो थांबला. शिवाय दोघांच्याही शरीरातून, आहारात मिळत होते त्याहून अधिक कॅल्शियम बाहेर पडत होते. प्रयोगाचा खर्च अमेरिकेतील मांस-व्यापाऱ्यांच्या संस्थेने सोसला होता, आणि तो अवघ्या दोन माणसांवर झाला होता, याही गोष्टी निर्णय देताना दृष्टीआड करता येत नाहीत.

इनुइटांचा दाखलाही जपूनच वापरला पाहिजे. ते मासळी व सील यांचे मांस पुष्कळदा कच्चे खातात आणि देवमाशाच्या त्वचेतून त्यांना क जीवनसत्त्व मिळते. तसेच ध्रुवीय लोकांत एका जनुकाचे असे रूप सर्रास आढळते की, त्यामुळे यकृतात मेदापासून कीटोन हे पर्यायी इंधन बनण्याची क्रिया मंदावते. ज्यांचा देह सहस्रावधी वर्षे त्या आहाराशी जुळत गेला, त्यांचे उदाहरण उत्तर कोकणातल्या माणसाला जसेच्या तसे लागू करणे शास्त्राला धरून होणार नाही.

शरीरात काय घडते

कर्बोदके बंद होताच यकृतातील सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंतील सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेनचा साठा एक-दोन दिवसांत ओसरू लागतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर बांधलेले तीनेक ग्रॅम पाणीही निघून जाते. पहिल्या आठवड्यात काटा जो झपाट्याने खाली येतो, त्याचे श्रेय बव्हंशी या पाण्याला आहे, चरबीला नव्हे. पुढे यकृत मेदापासून कीटोन तयार करू लागते. एरवी दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरणारा मेंदू त्यांपैकी बराच भार कीटोनांवर टाकतो, आणि उरलेले ग्लुकोज यकृत प्रथिनांपासून बनवून देते. तेव्हा कर्बोदकांवाचून माणूस मरतो ही समजूत खरी नाही.

याचे लाभ उघड आहेत. रक्तातील शर्करा व इन्शुलिन यांची पातळी खाली येते, ट्रायग्लिसराइड्स बहुधा घटतात आणि प्रथिने व कीटोन यांच्या योगाने भूक मंदावते. दुसरा लाभ पोषणाचा. याज्ञिकांच्या पाहणीत पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत ब१२ जीवनसत्त्व कमी आढळले होते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. ब१२ तर निसर्गतः प्राणिज अन्नातूनच मिळते, आणि मांसातील लोह वनस्पतिज लोहापेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात शोषले जाते. अशा प्रांतात हा लाभ क्षुल्लक मानता येणार नाही.

दुसरी बाजू

आता हानीची बाजू. २०२० साली या आहाराच्या दोन हजारांहून अधिक अनुयायांची स्वनिवेदनावर आधारलेली पाहणी झाली; बहुतेकांनी प्रकृती सुधारल्याचे सांगितले, परंतु ज्यांनी रक्ततपासणीचे आकडे दिले त्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल मध्यमानाने १७२ मिलिग्रॅम निघाले. सामान्यतः १०० च्या आत असावे अशी ज्याच्याविषयी अपेक्षा असते, त्या एलडीएलची ही पातळी, ज्या समाजात हृदयविकार युरोपीयांच्या मानाने लवकर जडतो त्या समाजाने तरी शांतपणे स्वीकारण्याजोगी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, बेकन यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसास निश्चित कर्करोगकारक, तर गुरे, डुकरे, शेळ्या-मेंढ्या यांच्या तांबड्या मांसास संभाव्य कर्करोगकारक ठरवले. तंतूंचा सर्वस्वी अभाव झाल्यावर बद्धकोष्ठ तर होऊ शकतेच, पण त्या तंतूंवर उपजीविका करून आतड्याच्या अस्तराला पोषण पुरवणारे सूक्ष्मजंतूही उपाशी पडतात. यकृत, तारली यांसारख्या पदार्थांनी यूरिक आम्ल वाढून वातरक्ताचा (गाउटचा) झटका येऊ शकतो, आणि मूतखड्याची भीती वाढते.

काहींच्या बाबतीत तर हा मार्ग धोक्याचाच आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड यांसारखी औषधे घेणाऱ्याने ती कमी न करता पिष्टान्न एकदम सोडले, तर शर्करा घातक पातळीपर्यंत उतरू शकते. आणि डापाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील गोळ्या, ज्या आज आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात, त्या चालू असताना कर्बोदके तोडल्यास शर्करा फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी होण्याचे प्राणसंकट ओढवू शकते. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांनी, गर्भवती व स्तनदा मातांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी या पंथापासून दूर राहावे, याविषयी दुमत नसावे.

पापडीच्या ताटावर हा आहार

आणि आता आपल्या ताटापुरता विचार करू. २००० उष्मांकांपैकी तीन-चतुर्थांश चरबीतून घ्यावयाचे, म्हणजे दिवसाकाठी सुमारे १६५ ग्रॅम चरबी आणि १२५ ग्रॅम प्रथिने हवीत. बकऱ्याच्या मांसात शंभर ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि तीन-चार ग्रॅमच चरबी असते. म्हणजे ६०० ग्रॅम मांस खाऊन प्रथिनांची बेगमी झाली, तरी चरबीचा हिशेब पंचवीस ग्रॅमपाशीच थांबतो. ताजे बोंबील तर बव्हंशी पाणीच, पापलेट व साल काढलेली कोंबडीही फारशी मेदयुक्त नव्हे. पडद्यावरचा उपदेश ऐकून येथील माणसाने भात-भाकरी सोडली आणि मासळी-कोंबडीवर दिवस काढले, तर बेलव्ह्यूमध्ये स्टेफान्सनना जडलेली व्याधी त्याला जडण्याचाच संभव अधिक. चरबीची ही उणीव ज्याने सहज भरून निघाली असती तो आपला नारळ. पण तो वनस्पतिज म्हणून या पंथात निषिद्ध. कोकम, चिंच, मिरची, लसूण, शिरका हेही निषिद्ध. म्हणजे इंद्याल आणि सोरपोतेल या कालवणांतील डुकराचे मांस तेवढे खाता येईल, इंद्याल आणि सोरपोतेल खाता येणार नाही. सुक्या मासळीवर भर द्यावा, तर खारवलेल्या प्रकारांतील मिठाचा भार रक्तदाबाच्या रोग्याला झेपणार नाही.

येथील आचारधर्मानेही मांसाला मर्यादा घातलेलीच आहे. ज्या पापडीत वसई धर्मप्रांताचे कॅथीड्रल उभे आहे, तेथे उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य असते, आणि शेजारच्या हिंदू घरांत श्रावण पाळला जातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचे बारा वर्ग सांगितले असून मांसवर्ग हा त्यांपैकी एक आहे. आचार्यांनी मांसाची महती मुक्तकंठाने गायिली, परंतु शूकधान्य, शमीधान्य, शाक आणि फल या वर्गांना काट मारली नाही.

माझ्या मते या सर्व चर्चेचा मथितार्थ असा की, या आहाराचे बहुतेक लाभ तो जे खावयास सांगतो त्यातून नव्हे, तर साखर, मैदा आणि अपरिमित भात यांचा जो त्याग घडवतो त्यातून उद्भवतात. आणि त्याच्या बहुतेक हानी, त्या त्यागाच्या ओघात भाज्या, डाळी व फळेही निष्कारण हद्दपार होतात, त्यामुळे ओढवतात. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ नामक चाचणीत ज्यांचा मधुमेह सहा वर्षांहून जुना नव्हता अशा रुग्णांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास उष्मांकांचा पातळ आहार दिला गेला. त्यात कर्बोदके भरपूर होती, तरीही वजन उतरताच ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षभरात औषधांवाचून निवळला. मांसपंथाचे म्हणणे हे की कर्बोदकाचा कणच विषवत् आहे. त्याचे एवढे प्रत्यक्ष खंडन पुरेसे आहे.

तेव्हा पापडीच्या मधुमेही गृहस्थाला माझी शिफारस साधी आहे. साखर, मैदा आणि गोड पेये पूर्ण बंद करावीत, भाताचा वाटा निम्म्यावर आणून त्याची जागा मासळी, अंडी, डाळी व पालेभाजीने भरावी, राजेळी केळी आणि सुकेळी सणापुरती ठेवावीत, जेवणानंतर चालावे, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. एवढ्यानेही ज्याचे समाधान होत नाही आणि ज्याला केवळ मांसाहाराचाच अनुभव घ्यावयाचा आहे, त्याने तो अल्प मुदतीपुरता, औषधांची मात्रा ठरवणाऱ्या डॉक्टरच्या संमतीने, आरंभी व अखेरीस रक्त आणि मूत्रपिंडे तपासून घ्यावा, आणि एलडीएल चढलेले दिसताच हट्ट सोडावा. कारण आहाराची निष्ठा आपल्या देहाशी असावी, पंथाशी नव्हे.