बुटातले कळबटण, कानातला सूर

स्मार्टवॉचचा वंशवृक्ष बहुतेकजण १९७२ च्या ‘पल्सर’पासून मांडतात. हॅमिल्टन कंपनीच्या या घड्याळाला काटे नव्हते. बटण दाबले की लाल आकडे उजळत. १९७५ मध्ये त्याच्यावर गणकयंत्रही आले. मनगटाची जागा या घराण्याने दिली, हे खरे. पण भोवतालची हालचाल टिपायची, तिचे गणित करायचे आणि उत्तर गुपचूप अंगावरच पोहोचवायचे, हा आजच्या घड्याळाचा खरा गुण त्याआधीच जन्मला होता, आणि तोही जुगारासाठी.

एडवर्ड थॉर्प हे गणिती. नोव्हेंबर १९६० मध्ये ते एमआयटीत क्लॉड शॅनन यांना भेटले ते पत्त्यांच्या खेळावरील एका निबंधासाठी. बोलता बोलता विषय रूलेटवर गेला. या खेळात चेंडू फिरू लागल्यावरही काही वेळ पैसे लावता येतात. म्हणजे चाक आणि चेंडू यांचा वेग तेवढ्यात मोजता आला, तर चेंडू साधारण कुठे विसावेल हे सांगता येईल. दोघांनी १५०० डॉलरचे खरे चाक विकत आणले आणि शॅनन यांच्या तळघरात प्रयोग मांडले.

जून १९६१ मध्ये यंत्र तयार झाले. बारा ट्रान्झिस्टर, आकार सिगारेटच्या पाकिटाएवढा. एक भिडू चाकाजवळ उभा राहून बुटातले कळबटण पायाच्या अंगठ्याने दाबी आणि चाकाचा व चेंडूचा एकेक फेरा मोजी. चाकाचे आठ भाग कल्पिले होते, प्रत्येकाला एक सूर. हे सूर रेडिओवरून दुसऱ्या भिडूच्या कानात वाजत राहत. वाजणे थांबले की शेवटी ऐकलेला सूर ज्या भागाचा, तिथे पैसे लावायचे. अपेक्षित फायदा शेकडा ४४.

लास व्हेगासला दोघे सपत्नीक गेले. गणित जमले, पण तार टिकेना. कानापर्यंतची केसासारखी बारीक तार पुन:पुन्हा तुटे. मोठा डाव कधी लावलाच गेला नाही. थॉर्प यांनी ही गोष्ट १९६६ मध्ये उघड केली. सत्तरच्या दशकात डॉइन फार्मर, नॉर्मन पॅकर्ड आदी तरुण भौतिकशास्त्रज्ञांनी पुढे संगणकच बुटात बसवला. १९८५ मध्ये नेवाडा राज्याने जुगारात अशी यंत्रे वापरण्यावर बंदी घातली.

या बंदीपाशी मी थांबतो. खेळणाऱ्याने चाक वाचायला घेतले, तेव्हा चाकाच्या मालकाला कायद्याचे संरक्षण मिळाले. त्या पहिल्या यंत्राचे उत्तर ते अंगावर बाळगणाऱ्या दोघांपलीकडे कुणाला कळत नव्हते. आजचे घड्याळ आपली नाडी, झोप, चाल टिपते आणि अनेकदा ती नोंद दूरच्या कंपनीकडे धाडते. आता वाचले जाणारे चाक आपण आहोत. जुगारघराने स्वतःसाठी जे संरक्षण मागून घेतले, ते आपणही मागायला हवे.