तोकावा : सेन्बेईवर तगलेल्या रेल्वेचे शेवटचे स्टेशन

टोकियोहून निघालेली ‘शिओसाई’ एक्स्प्रेस सुमारे दोन तासांत चिबा प्रांताच्या पूर्व टोकावरील चोशी या मासेमारी बंदराच्या शहरात पोहोचते. तिथे फलाटाच्या टोकालाच चोशी इलेक्ट्रिक रेल्वेची छोटी गाडी उभी असते. एकेरी मार्ग, दहा स्टेशने आणि लांबी अवघी 6.4 किलोमीटर. सोया सॉसचे कारखाने, दाट झाडी आणि कोबीची शेते मागे टाकत गाडी वीसेक मिनिटांत तोकावाला येते. इथे रूळ संपतात.

तोकावा स्टेशन 1923 साली सुरू झाले. त्या काळातली बैठी लाकडी इमारत आजही वापरात आहे. शेजारच्या रुळावर 2010 मध्ये सेवेतून निघालेला 801 क्रमांकाचा जुना डबा जतन करून ठेवला आहे. बाहेर पडले की गाव थेट समुद्राकडे उतरू लागते. सतराव्या शतकात किशू भागातून आलेल्या साकियामा जिरोएमोन यांनी इथे बंदर बांधले आणि उतारावर आडव्याउभ्या गल्ल्यांची आखीव वस्ती वसवली. त्या सरळ उतारांवरून चालताना बंदर सतत समोर दिसत राहते.

या मार्गाला मरण नवे नाही. इथली पहिली रेल्वे 1913 मध्ये धावू लागली आणि 1917 मध्ये बंद पडली; पहिल्या महायुद्धात पोलादाचे भाव चढल्यामुळे तिचे रूळच विकले गेले. 1923 मध्ये नव्या कंपनीने पुन्हा रूळ टाकले. पुढे प्रवासी घटत गेले, तेव्हा कंपनीने 1995 पासून ‘नुरे-सेन्बेई’ विकायला घेतल्या. तांदळाची चकती भाजून गरम असतानाच सोया सॉसमध्ये बुडवली, की ती कुरकुरीत न राहता मऊ, चिवट होते. सोया सॉससाठी प्रसिद्ध असलेल्या गावाला शोभणारा हा खाऊ.

2006 मध्ये गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीलाही पैसे उरले नव्हते. तपासणी चुकली असती तर गाड्या उभ्या राहिल्या असत्या. तेव्हा कंपनीने इंटरनेटवर आडपडदा न ठेवता सांगितले, की गाड्यांच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा आहे, आमच्या सेन्बेई घ्या. देशभरातून मागणीचा पूर आला आणि गाड्या धावत राहिल्या. 2014 मध्ये एक गाडी रुळांवरून घसरली, तेव्हा दुरुस्तीसाठी चोशीच्या वाणिज्य विद्यालयातील विद्यार्थ्यांनी लोकवर्गणी उभी केली. आजही कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तिकिटांतून नव्हे, खाद्यपदार्थांतून येतो.

तोकावाला जायचे तर दिवसभराचा पास काढावा. आधीच्या इनुबो स्टेशनावर उतरून इनुबोसाकीचे पांढरे दीपगृह पाहता येते. ब्रिटिश अभियंता रिचर्ड हेन्री ब्रंटन यांच्या आराखड्यानुसार ते 1874 मध्ये उभे राहिले आणि त्यासाठी जपानमध्येच भाजलेल्या विटा वापरल्या गेल्या. तिथून तोकावा एकच स्टेशन पुढे आहे.

छोटी रेल्वे तोट्यात गेली, की ती बंद करणे हाच शहाणपणा मानला जातो. तोकावाचे स्टेशन त्याला ठाम उत्तर देते. शाळकरी मुले आणि म्हाताऱ्या माणसांची ने-आण करणारी गाडी टिकवायची, तर तिकिटाच्या हिशेबापलीकडचे मार्ग शोधावे लागतात. इथे ते शोधले गेले, कारण अडचण लोकांपासून लपवली गेली नाही. इथे येणाऱ्या पाहुण्याने परतताना सेन्बेईचे एक पाकीट जरूर घ्यावे; या गाडीच्या देखभालीला त्याचा खराखुरा हातभार लागतो.