गुलाबी बोंडअळीने बीटीवर मात कशी केली?

कपाशीच्या फुलाच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून ते उमलायचे राहिले, की शेतकरी समजतो: ही डोमकळी, आत गुलाबी बोंडअळी आहे. पुढच्या पिढीतली अळी हिरव्या बोंडात शिरते, तिचे छिद्र भरून येते आणि ती आत सरकी खात राहते. बोंड वरून धडधाकट दिसते, फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि वेचणीला हाती येते ती कवडी, म्हणजे नीट न फुटलेला, डागाळलेला कापूस. 2017 च्या खरिपात महाराष्ट्रातल्या लाखो शेतकऱ्यांनी हे सोसले, तेही बोंडअळ्यांना मारण्यासाठीच आणलेल्या बीटी कपाशीत. बोगस बियाण्याची चर्चा तेव्हा खूप झाली. खरे उत्तर मात्र बरेचसे अळीच्या डीएनएमध्ये होते.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. तो प्रथिनांचे स्फटिक तयार करतो. अळीच्या आतड्यात अल्कधर्मी रस असतो. त्यात हे स्फटिक विरघळतात, तिथली पाचकद्रव्ये त्यांचे टोक छाटतात आणि विष सक्रिय होते. एवढ्याने अळी मरत नाही. आतड्याच्या पेशींवर कॅडहेरिन नावाचे प्रथिन बाहेर डोकावत असते. विषाला आधी त्याला चिकटावे लागते. मग विषाचे रेणू एकत्र येऊन पेशीच्या आवरणाला भोके पाडतात, पेशी फुटतात आणि अळीचे खाणे थांबते. या जिवाणूचे क्राय1एसी हे विष बनवणारे जनुक कपाशीत घातले, आणि 2002 मध्ये भारतात त्या बियाण्याला परवानगी मिळाली. क्राय2एबी हे दुसरे विष जोडलेले बीजी-2 बियाणे 2006 मध्ये आले.

आता कॅडहेरिनचे जनुकच बिघडलेले असेल तर? प्रथिन अर्धवट तयार होते, विषाला चिकटायला जागा राहत नाही आणि अळी बीटीचे बोंड खाऊन जगते. ॲरिझोनातल्या संशोधकांनी 2003 मध्ये या जनुकाचे तीन बिघडलेले प्रकार ओळखले. त्यांतल्या एकात तर डीएनएचा एक भटका तुकडा जनुकाच्या मधोमध जाऊन बसल्याचे पुढे दिसले. असे बिघाड आपोआप होत असतात. बीटी फक्त ते असलेल्या अळ्यांना निवडते.

प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक जरी धड असली तरी पुरेसे कॅडहेरिन बनते आणि अळी मरते. म्हणजे प्रतिकार अप्रभावी आहे, दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. हजारात एक प्रत बिघडलेली असेल, तर दोन्ही बिघडलेल्या असणारी अळी दहा लाखांत एक. बीटीच्या शेतातून वाचलेल्या अशा एखाद्या पतंगाला शेजारच्या साध्या कपाशीतला जोडीदार मिळाला, तर त्यांच्या सगळ्या संततीत एक प्रत धड असते आणि ती बीटीवर मरते. 450 ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर 120 ग्रॅमचे बिगरबीटी पाकीट दिले जायचे, ते यासाठी. आपल्याकडे ते पाकीट बहुतेकदा बांधावरच राहिले. ॲरिझोनात शेतकऱ्यांनी ही आश्रय कपाशी नेटाने लावली. 2006 पासून किरणोत्साराने वांझ केलेले अब्जावधी पतंगही सोडले गेले, आणि 2018 मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले.

पण दोष शेतकऱ्याच्या माथी मारून मोकळे होणे मला पटत नाही. अमेरिकेत बीटी आले ते सरळ वाणांत, म्हणजे पिढ्यान्पिढ्या गुण तेच ठेवणाऱ्या बियाण्यात. भारतात संकरित बियाण्यात. संकरात बीटीचे जनुक सहसा एकाच पालकाकडून येते. झाडाच्या प्रत्येक पेशीत ते असते, मात्र त्या झाडाच्या बोंडात धरणाऱ्या सरकीत मेंडेलचा हिशेब सुरू होतो. एका जनुकाच्या बीटीत चारांतली एक सरकी विषाविना. बीजी-2 मध्ये सोळांतल्या नऊ सरक्यांत दोन्ही विषे, तीनांत फक्त पहिले, तीनांत फक्त दुसरे आणि एक सरकी पूर्ण निर्विष. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. एकाच बोंडात तिला विषारी, कमी विषारी आणि निर्विष दाणे मिळतात, आणि एक प्रत धड असलेली, एरवी मेली असती अशी अळीही तगू शकते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. के. आर. क्रांती यांनी या धोक्याकडे लक्ष वेधले आहे. ही गोष्ट बियाण्याच्या रचनेतली आहे; शेतकरी ती बदलू शकत नव्हता.

पुढचे वेगाने घडले. 2008 मध्ये गुजरातेतल्या अमरेलीत गोळा केलेल्या अळ्या क्राय1एसीला दाद देत नव्हत्या. अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी भारतातल्या अशा प्रतिकारक अळ्यांचे कॅडहेरिन तपासून 2014 मध्ये जे मांडले, ते मला या सगळ्या कथेत सर्वांत थक्क करणारे वाटते. जनुकाची आधी आरएनए प्रत निघते. शेंगेचे टरफल टाकून दाणे घ्यावेत तसे तिच्यातले निरुपयोगी भाग छाटून उपयोगी भाग जोडले जातात. इथे बिघडलेल्या आठ प्रकारांपासून तब्बल 19 वेगवेगळ्या आरएनए प्रती निघाल्या होत्या. एकच जनुक छाटणी-जोडणीत निरनिराळ्या रीतीने चुकत होते, आणि प्रत्येक चुकीचा शेवट एकच: सदोष कॅडहेरिन.

दुसरे विषही टिकले नाही. क्राय2एबीच्या प्रतिकाराचा माग काढताना कॅडहेरिनऐवजी एबीसीए2 हे वेगळेच जनुक सापडले. तिथेही बिघाड आरएनएच्या जोडणीतच होता. 2021 मध्ये संशोधकांनी क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राच्या कात्रीने धडधाकट अळीतले हे जनुक मुद्दाम मोडले आणि ती अळी क्राय2एबीला प्रतिकारक झाली. संशयाला जागा उरली नाही.

याचा व्यवहारात अर्थ असा, की एखादा ठराविक बदल शोधणारी डीएनए चाचणी इथे अपुरी पडते. बिघाड इतक्या तऱ्हांचे असताना शेतातून अळ्या आणून त्यांना विषमिश्रित खाद्यावर वाढवून पाहणे अजूनही लागतेच. नवे तिसरे विष आणले तरी संकरित सरकीतला हिशेब तोच राहील, म्हणून त्याआधी सरळ वाणांचा विचार व्हायला हवा. तोवर हाती असलेला उपाय जनुक कोणते मोडले हे विचारत नाही. ही अळी जवळजवळ सर्वस्वी कपाशीवर जगते. फरदड न घेता, म्हणजे पीक पुढे न लांबवता, डिसेंबरअखेर शेत मोकळे केले, पऱ्हाट्या बांधावर न रचता त्यांची विल्हेवाट लावली आणि जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावले, तर पुढच्या हंगामाच्या कपाशीला पाते लागेपर्यंत दोन धड प्रतींच्या अळीलाही खायला मिळत नाही आणि दोन मोडक्या प्रतींच्या अळीलाही नाही.