सिरोंचा परिसरातील लहान उपग्रह छत्री

लहान उपग्रह छत्री (डिश) म्हणजे उपग्रहावरून थेट घरी येणारे दूरचित्रवाणी प्रसारण (डीटीएच) ग्रहण करण्यासाठी वापरली जाणारी, सामान्यतः ६० ते ९० सेंमी व्यासाची परावर्तक तबकडी होय. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील सिरोंचा तालुक्यात भूभौगोलिक कारणांमुळे या छत्रीला विशेष महत्त्व आहे. प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमाजवळ वसलेला हा तालुका जिल्हा मुख्यालयापासून सुमारे २०० किमी दूर असून तेलंगण व छत्तीसगड या राज्यांना लागून आहे. विखुरलेल्या जंगलवस्तीत घरोघरी केबल टाकणे परवडत नाही. दूरदर्शनची बहुतेक भूस्थित अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रेही देशभरात २०२२पर्यंत बंद करण्यात आली. त्यामुळे स्वस्त, लहान छत्री पुरेशी आहे का, हा प्रश्न येथे निवडीचा कमी आणि गरजेचा अधिक आहे.

पार्श्वभूमी

भारतात उपग्रहावरून खेड्यांपर्यंत थेट दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा पहिला मोठा प्रयोग ‘साइट’ या नावाने १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत सामुदायिक संच बसवण्यात आले. सिरोंचाला लागून असलेली तत्कालीन आंध्र प्रदेश व मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये त्यात होती. महाराष्ट्र मात्र नव्हता. त्या वेळी गावात उभारलेली छत्री सुमारे ३ मीटर व्यासाची असून ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची केलेली होती. प्रसारणाची वारंवारता सुमारे ८६० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ३५ सेंमी असल्याने जाळीची भोके तरंगांना अडचणीची नव्हती.

नव्वदच्या दशकात केबलचालकांनी वापरलेल्या सी पट्ट्याच्या छत्र्याही ८ ते १२ फूट व्यासाच्या असत. छत्री लहान झाली ती केयू पट्ट्यातील शक्तिशाली प्रक्षेपणामुळे. खासगी सेवांमध्ये डिश टीव्ही ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झाली. प्रसार भारतीने डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही मासिक शुल्क नसलेली सेवा ३३ वाहिन्यांसह सुरू केली. २०१४ मध्ये तिचे नाव ‘डीडी फ्री डिश’ झाले. आरंभी ती ९५° पूर्व रेखांशावरील एनएसएस-६ वरून, पुढे ९३.५° पूर्व येथील इन्सॅट-४ब वरून आणि त्यानंतर नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या जीसॅट-१५ वरून प्रसारित होऊ लागली. पहिल्या स्थलांतरातील फरक अवघा दीड अंश होता. परंतु ६० सेंमीची छत्री तेवढी चुकली तरी तिला मिळणारी शक्ती साधारण निम्मी होते.

लहान छत्री का पुरते

छत्री जितकी मोठी तितकी ती उपग्रहाची अधिक शक्ती गोळा करते. ही शक्ती व्यासाच्या नव्हे, क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. मार्च २००७ मध्ये प्रक्षेपित झालेल्या इन्सॅट-४ब मध्ये सी व केयू असे दोन्ही पट्टे असल्याने ही तुलना एकाच उपग्रहावर करता येते. त्याच्या सी पट्ट्याची परिणामी प्रक्षेपणशक्ती ३९ डीबीडब्ल्यू, तर केयू पट्ट्याची ५२ डीबीडब्ल्यू होती. हा १३ डेसिबेलचा फरक म्हणजे सुमारे वीसपट शक्ती होय. जमिनीवर वीसपट शक्ती पडत असेल तर छत्रीचे क्षेत्रफळ विसाव्या हिश्श्याइतके, म्हणजेच व्यास सुमारे साडेचार पटींनी कमी करता येतो. नऊ फुटांच्या छत्रीची जागा दोन फुटांची छत्री घेऊ शकते, ती याच हिशेबाने.

सिरोंचा येथून ९३.५° पूर्वेचा उपग्रह आग्नेय दिशेस (उत्तरेपासून सुमारे १४३°) आणि क्षितिजापासून सुमारे ६३° उंचीवर असतो. इतक्या उंच कोनामुळे झाडांचा व टेकड्यांचा अडथळा कमी होतो. छत्रीपेक्षा १० मीटर उंच झाड त्या दिशेला असले, तरी ते साधारण पाच मीटरपेक्षा दूर असल्यास मार्ग मोकळा राहतो. १०८.२° पूर्वेच्या एअरटेल सेवेच्या उपग्रहासाठी हा कोन सुमारे ५१° भरतो व तेच झाड आठ मीटर दूर असावे लागते. मात्र हा हिशेब खोडाचा नसून फांद्यांच्या घेराचा आहे. साग उन्हाळ्यात पर्णहीन असतो. एप्रिलमध्ये निष्पर्ण सागाच्या फांद्यांतून नेमकी जुळवलेली छत्री जुलैत, मोठमोठी ओली पाने आल्यावर, काही दिसत नाही अशा अवस्थेला येऊ शकते. दोष अशा वेळी छत्रीच्या आकाराचा नसतो.

पावसातील मर्यादा

लहान छत्रीची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. केयू पट्ट्याची तरंगलांबी सुमारे अडीच सेंमी असल्याने पावसाचे थेंब तिची शक्ती शोषतात व विखुरतात. ताशी ५० मिमी वेगाने पडणाऱ्या पावसात १२ गिगाहर्ट्झला दर किलोमीटरमागे सुमारे अडीच डेसिबेल घट होते. ताशी १०० मिमीला ती साडेपाच डेसिबेलच्या आसपास जाते. ४ गिगाहर्ट्झच्या सी पट्ट्यात हीच घट नगण्य असते. नीट जुळवलेल्या ६० सेंमी छत्रीकडे निरभ्र आकाशात साधारण सहा ते आठ डेसिबेल शिल्लक असते. म्हणजे रिपरिप पावसाने काही बिघडत नाही, पण संकेताच्या वाटेवर दोन-तीन किलोमीटर मुसळधार सर असली की ही शिल्लक संपते.

९० सेंमीच्या छत्रीचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असून तिला साडेतीन डेसिबेल अधिक मिळतात. त्यामुळे प्रसारण तुटण्याचा काळ कमी होतो, शून्य होत नाही. डिजिटल प्रसारणात चित्र हळूहळू मुंग्यामुंग्यांचे होत नाही. ते आधी चौकोनांत फुटते व मग एकदम जाते. याच कारणाने मोठ्या छत्रीमुळे निरभ्र दिवशी चित्र अधिक सुस्पष्ट होते हा समज चुकीचा आहे.

गैरसोय एवढ्यावर थांबत नाही. जुलै २०२२ च्या महापुरात गोदावरी व प्राणहितेकाठच्या, सिरोंचा तालुक्यातील अनेक गावांतून लोकांना हलवावे लागले होते. पुराची बातमी सर्वाधिक हवी असते त्याच तासांत मुसळधार पाऊस व वीजपुरवठ्यातील खंड यांमुळे दूरचित्रवाणी बंद पडण्याची शक्यता सर्वाधिक असते. पूरसूचनेसाठी केवळ छत्रीवर विसंबणे म्हणून योग्य ठरत नाही. मध्यमलहरी रेडिओला पाऊस अडवत नाही आणि तो बॅटरीवर चालतो.

दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व ऑक्टोबरच्या प्रारंभी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्या दिवसांत सकाळी ११ च्या सुमारास काही मिनिटे प्रसारण जाते. ते आपोआप परतते. छत्री हलवू नये.

स्वस्त संचातील गुणदोष

परावर्तकाचा पृष्ठभाग तरंगलांबीच्या सोळाव्या भागापेक्षा, म्हणजे केयू पट्ट्यासाठी साधारण दीड मिलिमीटरपेक्षा अधिक वाकडा नसावा, असा ढोबळ नियम आहे. पातळ पत्र्याची छत्री वाहतुकीत चेपली किंवा माकडे तिच्यावर बसू लागली, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्याहून अधिक त्रास ढिल्या खांबाचा होतो. ६० सेंमी छत्रीची ग्रहणशलाका सुमारे तीन अंश रुंद असते आणि वादळवाऱ्याने खांब दीड अंश कलला तरी पावसासाठी राखलेली शिल्लक निम्म्याने जाते. केबलच्या जोडात शिरलेले पाणी हेही नेहमीचे कारण आहे. खर्च मर्यादित असल्यास मोठ्या छत्रीपेक्षा मजबूत खांब, ओळंब्यात उभी केलेली बैठक व जलरोधक जोड यांवर तो करणे अधिक फायद्याचे ठरते.

अपेक्षित वाहिन्या न दिसणे हा बहुधा छत्रीचा दोष नसतो. डीडी फ्री डिशवरील काही वाहिन्या एमपीईजी-४ पद्धतीने येतात व जुन्या एमपीईजी-२ सेट-टॉप बॉक्सला त्या उलगडता येत नाहीत.

वाहिन्या आणि भाषा

सिरोंचा भागात मराठीबरोबर तेलुगू व गोंडी-माडिया बोलल्या जातात. फ्री डिशवर दूरदर्शनच्या सह्याद्री (मराठी), यादगिरी व सप्तगिरी (तेलुगू) या वाहिन्या उपलब्ध असतात. खासगी वाहिन्यांच्या जागा ई-लिलावाने दिल्या जात असल्याने त्यांची यादी बदलत राहते, आणि आवडीची मराठी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच याची खात्री नसते. दक्षिणी भाषांवर भर देणाऱ्या सन डायरेक्टचे प्रसारणही ९३.५° पूर्वेवरूनच होत असल्याने छत्रीची दिशा न बदलता ती सेवा घेता येते.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या २,५३९.६१ कोटी रुपयांच्या ‘बाइंड’ योजनेत दुर्गम, आदिवासी, नक्षलप्रभावित व सीमावर्ती भाग, तसेच आकांक्षित जिल्ह्यांत आठ लाखांहून अधिक फ्री डिश सेट-टॉप बॉक्स मोफत वाटण्याची तरतूद आहे. गडचिरोली हा महाराष्ट्रातील चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे.