मेंढ्याचें रान

रान राखावें तर पोट कसें भरावें, ही अडचण रानालगतच्या प्रत्येक गांवास ठाऊक आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या लहानशा गोंड गांवाची हकीकत म्हणूनच वाचकांपुढें ठेवितों.

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क या गांवास मिळाला. परंतु तेवढ्यानें बांबू बाजारीं जाईना. वाहतुकीचे परवाने वनखात्याच्या हातीं होते. २०११ च्या एप्रिलांत परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें, तेव्हां कोठें वाट मोकळी झाली.

खरी कसोटी पुढेंच होती. पैका दिसूं लागला कीं हात आवरत नाहीं. बांबूच्या बेटांत यंदाचे कोंब हें पुढील वर्षांचें भांडवल. कोवळें तोडलें कीं बेट खंगलें. येथील ग्रामसभा बहुमतानें नव्हे, सर्वसंमतीनें निर्णय करते. वेळ फार मोडतो खरा; पण ज्यानें स्वतः होकार दिला, तो चोरून कुऱ्हाड चालविण्यास कचरतो, असें आम्हांस वाटतें.

२०१३ सालीं तर गांवकऱ्यांनीं आपली खासगी शेतजमीनहि ग्रामदान कायद्याखालीं ग्रामसभेस देण्याचें ठरविलें. बांधाच्या वीतभर जागेसाठीं कोर्टाची पायरी चढणाऱ्या आम्हां खातेदारांना एवढें धैर्य झालें असतें काय?